मधल्या माणसांच्या खुर्च्या

त्या रविवारी उपासना संपता संपता आमचे हे उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या मंडळीला सांगून टाकलं की येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पुन्हा आफ्रिकेत, मलावीला जाणार. मला ही बातमी मंडळीबरोबरच कळली. टाळ्या झाल्या. पुढच्या बाकावरची गोरी बाई मागं वळली आणि माझा हात दाबून म्हणाली, "यू टू आर अ ब्लेसिंग." मी हसले. इतक्या वर्षांची सवय आहे, तोंड आपलं आपण हसतं. खरं तर मला तिथंच बाकावर आडवं होऊन झोपावंसं वाटत होतं.

मला जायचं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंच तोंडातून निघत नव्हतं. घरी येताना गाडीत हे म्हणाले, "बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकलेलं दिसतंय." मी म्हटलं, "हो." इथं अमेरिकेत, नेपरव्हिलच्या हिवाळ्यात नवराबायकोंना बोलायला बर्फ हा एक बरा विषय मिळतो.

आमच्या घरात रुसवेफुगवे कधी थेट झालेच नाहीत. मुलगी लहान होती तेव्हा सगळं तिच्यामार्फत चालायचं. "बाबांना सांग, जेवायचं असलं तर ताट वाढलंय." ती तीन पावलं चालून जायची आणि सांगायची, "बाबा, फूड." मग तिकडून निरोप यायचा, "आईला सांग, भूक नाही." दोघंही एकाच खोलीत असायचो. आता ती श्रूजबरीला राहते, तिला तिचा संसार आहे. त्या रविवारी संध्याकाळी मी तिला फोन केला आणि म्हटलं, "तुझ्या बाबांना जरा सांगशील का, की या वर्षी मला जमणार नाही?"

"आई, नो," ती म्हणाली. "मी आयुष्यभर तुमची पोस्टमन होते. यू टेल हिम. ही इज राइट देअर."

हे खरंच तिथंच होते, सोफ्यावर. मलावीचा नकाशा उघडून बसले होते.

मी मूळची मिरजेकडची. पणजोबांच्या काळी अमेरिकेतून मिशनरी आले, पणजोबा ख्रिस्ती झाले, घरात शिक्षण आलं आणि त्या शिक्षणाच्या जोरावर मी नर्स होऊन अमेरिकेत आले. आता इथल्या चर्चबरोबर मी आफ्रिकेतल्या खेड्यांत जाते आणि तिथल्या लोकांना संसार कसा करावा ते शिकवते. पणजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी फेटा काढून डोकं खाजवलं असतं.

या कामात आम्ही पडलो ते असे. हे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि चर्चच्या पंचांत गेले. चर्चला मलावीतल्या खेड्यांत विवाहावर शिबिरं घ्यायची होती. कुणीतरी म्हणालं, या दोघांना पाठवा, हे एकत्र कुटुंबवाले, यांना त्या लोकांचं कळेल. आमचं लग्न ठरवून झालेलं आहे हे समजल्यावर तर आम्ही त्यांना जवळजवळ आफ्रिकनच वाटलो. ह्यांना ते फार आवडलं. निवृत्त माणसाला कुणीतरी बोलावलं की तो निम्मा बरा होतो. मलाही सुरुवातीला आवडलं, ते नाकारत नाही. नंतर दर उन्हाळ्यात तो प्रवास, तो मलेरियाच्या गोळ्यांचा कडवटपणा, ते हसणं, आणि परत आल्या आल्या नर्सिंग होममधली नोकरी. माझे गुडघे गेले, झोप गेली, आणि प्रार्थनेला बसले की मला पेंग यायला लागली.

शिबिरात आमचं काम नमुन्याचं जोडपं होण्याचं होतं. आंब्याच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. आम्ही दोघांनी बसायचं आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघून मनातलं बोलायचं. मी म्हणायची, "तुम्ही माझं ऐकता तेव्हा मला सुरक्षित वाटतं." हे म्हणायचे, "तू मला सांगतेस तेव्हा मला तुझा आदर वाटतो." वाक्यं छापील होती, इंग्रजी होती, आणि तिथला पाळक ती त्यांच्या भाषेत सांगायचा. एरवी मी ह्यांच्याकडं बघून "मीठ संपलंय" यापलीकडं काही बोलले असेन असं मला आठवत नाही. तेसुद्धा बहुतेक वेळा डब्यात बघून.

शिबिरांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. एका गावात एक माणूस बायकोबरोबर पाण्याला जायला लागला. सगळं गाव त्याला हसलं, तरी तो जात राहिला. मारहाण करणारे एकदोघं रडलेले मी पाहिले आहेत. पण खुर्च्यांचा खेळ सुरू झाला की बायका पदराआड हसाव्यात तशा हाताआड हसायच्या, पुरुष जमिनीकडं बघायचे, आणि आमच्यातले लोक एकमेकांना सांगायचे की हे लाजाळू आहेत, हळूहळू खुलतील.

एक म्हातारा मला कायम आठवतो. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवून तो अख्खं शिबिर मागं बसला होता. त्यांच्याकडं लग्न ठरताना दोन्ही बाजूंनी एकेक माणूस उभा राहतो, बहुतेक मामाच. त्याला ते अंखोस्वे म्हणतात. मुलाकडून कोंबडा येतो, मुलीकडून कोंबडी जाते, आणि त्या दिवसापासून ते लग्न या दोघांच्या अंगावर असतं. आमच्याकडंही लग्नात मुलीच्या मागं मामा उभा राहतो, पण फोटो निघाले की त्याचं काम संपतं. त्यांच्या मामाचं काम तिथं सुरू होतं. भांडण झालं की बायको नवऱ्याशी भांडत नाही. ती आपल्या मामाला सांगते, तिचा मामा नवऱ्याच्या मामाला सांगतो, मग दोघं मामा समोरासमोर बसून बोलतात आणि नवराबायको मागं बसून ऐकतात. तर हा म्हातारा अशा कित्येक लग्नांचा अंखोस्वे होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "हे सगळं छान आहे. पण आम्ही कुठं बसायचं?"

आमचा टीम लीडर भला माणूस होता. तो म्हणाला, लग्न म्हणजे नवरा, बायको आणि देव, बाकीच्यांनी जरा बाहेर राहायचं. म्हाताऱ्यानं मान हलवली, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्यानंतर त्या भागातली पोरं कोंबड्या न देता नुसतं चर्चमध्ये लग्न करायला लागली. आम्ही त्याला प्रगती म्हणालो.

तसं लग्न झालेलं, तिकडून आलेलं एक जोडपं इथं नेपरव्हिलमध्येच राहतं. तो शिकायला आला, शिक्षण झाल्यावर एका गोदामात लागला. ती माझ्याच नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांचं सगळं करते, उचलणं, पुसणं, भरवणं. एक लहान मुलगी आहे. मुलीची आई मला अमायी म्हणते, म्हणजे त्यांच्याकडं आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं.

ह्यांच्या त्या घोषणेनंतरच्या आठवड्यात ती चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अमायी, मी मुलीला घेऊन फ्रिस्कोला बहिणीकडं जाते. परत येणार नाही."

मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. होता तो फक्त शुक्रवार. त्यांच्या भागातून आलेल्या लोकांची शुक्रवारची प्रार्थना आपल्या घरी होईल, असं त्यानं एका रविवारी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती शिफ्ट संपवून यायची तेव्हा दारात बुटांचा ढीग असायचा, आणि कोट न काढता ती मक्याच्या पिठाचं पातेलं शेगडीवर ठेवायची. एकदा तिनं भांडी आदळली. तेव्हापासून तो बोलत नव्हता आणि ती बोलत नव्हती.

मी ऐकत होते आणि माझ्या हातातला चहा गार होत होता. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. तिला निदान जायला फ्रिस्को होतं.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्यांच्या संसाराबद्दल आम्ही अगदी मोकळेपणानं बोलतो. हे लगेच उत्साहात आले. "शनिवारी दुपारी बोलाव त्यांना," म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या उचलून हॉलमध्ये आणल्यासुद्धा.

शनिवारी ती दोघं आली, मुलीला शेजाऱ्यांकडं ठेवून. ह्यांनी त्यांना समोरासमोर बसवलं. दोघांची नजर गालिच्यावर. "लुक अ‍ॅट ईच अदर," हे मायेनं म्हणाले. मग तिनं मान वर केली आणि शिबिरात शिकवलेली वाक्यं एकापाठोपाठ एक म्हटली, शाळेत पाढे म्हणावेत तशी, एकही चूक न करता. तू मला विचारत नाहीस तेव्हा मला दुःख होतं. तू गप्प राहतोस तेव्हा मला एकटं वाटतं. तो म्हणाला, "मी ऐकलं." तेही छापील होतं. ह्यांनी समाधानानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, चला, झालं एकदाचं, आता ही जातील आणि मी पडेन जरा.

ती उठली आणि तिनं पर्स उचलली. मी दारापर्यंत गेले. ती बूट घालत घालत म्हणाली, "अमायी, आमच्यात असं तोंडावर बोलायचं नसतं. तोंडावर बोललं की ते तुटलं. इतके दिवस मी बोलले नव्हते म्हणून जाता येत नव्हतं. आता जाता येईल."

मी तिथंच भिंतीला टेकले. आम्ही जोडायला बसवलं होतं त्यांना.

"तुमच्याकडं मामा असतात ना?" मी म्हटलं. "त्यांना फोन कर."

"मामा आहे. पण तो आमचा अंखोस्वे नाही. आम्ही कोंबड्या दिल्याच नाहीत. तुमच्या लोकांनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती दमलेली होती. दमलेल्या माणसाचा आवाज मी ओळखते, रोज स्वतःचा ऐकते. मग ती थांबली आणि तिनं विचारलं, "तुम्ही बसाल का माझ्या बाजूनं?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझी खरंच कुणाच्या बाजूनं बसायची ताकद उरली नव्हती. पण तिनं मला विचारलं होतं. बसा म्हणाली नव्हती, बसाल ना म्हणाली नव्हती, बसाल का म्हणाली होती. कितीतरी दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

ह्यांना त्याच्या बाजूनं बसवायचं ठरलं तेव्हा हे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "म्हणजे आपण जे शिकवलं त्याच्या उलट की हे."

"तुम्ही काही शिकवू नका," मी म्हटलं. "नुसते येऊन बसा."

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्या अपार्टमेंटमध्ये गेलो. बाहेर बर्फ पडत होता. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, आमच्यासाठी. तो ह्यांच्या खुर्चीमागं जमिनीवर बसला, ती माझ्या मागं. त्यानं पद्धत सांगितली. तुम्ही दोघं बोलायचं, आम्ही बोलायचं नाही. काही विचारायचं असलं तर आपल्या माणसाला आत घेऊन जायचं, विचारायचं आणि परत येऊन सांगायचं.

आम्ही बसलो. तीच खुर्च्यांची मांडणी, तेच गुडघे, तोच माणूस. फक्त या वेळी वाक्यं छापलेली नव्हती.

मी इंग्रजीत सुरुवात केली. म्हटलं, आमची मुलगी तुमच्या घरात दिली आहे. आमची मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना उचलते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या घरात तिला बसायला जागा नसते. त्या लोकांना कुणी बोलावलं? तुमच्या मुलानं. आमच्या मुलीला विचारलं होतं का? नाही. तिला कधी कळलं? सगळ्यांना कळलं तेव्हा, चर्चमध्ये, चारचौघांत. तिथं तिनं काय करायचं? ती हसली.

ह्यांनी खाली घातलेली मान वर केली.

मला थांबता येत नव्हतं. मी म्हटलं, आमची मुलगी कामचुकार नाही. तिला देवाचा कंटाळा आलेला नाही, तिला उभं राहायचा कंटाळा आलाय. तुम्ही तिला नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. देवाच्या कामाला नाही म्हणणारी बाई कशी दिसते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही आधी देवाला सांगता, मग लोकांना सांगता, आणि घरी येऊन बर्फावर बोलता. मी दमलेय हो. गेल्या वर्षी त्या खुर्चीत बसून मला सुरक्षित वाटतं म्हणाले तेव्हा माझे पाय सुजले होते, तुम्ही बघितलेत का? मला आता झेपत नाही. मला जायचं नाही. कुणीतरी विचारा ना मला.

यातलं कुठलं वाक्य इंग्रजीत होतं आणि कुठून मी मराठीत शिरले, ते मला सांगता येणार नाही. माझा आवाज चढला होता आणि नाक वाहत होतं. त्या दोघांना शेवटचं अक्षरही कळलं नसणार. तरी ती माझ्या मागून हळू आवाजात "हं, हं" करत होती, त्यांच्याकडं आपल्या माणसाच्या बोलण्याला साथ देतात तशी.

हे मग उठले आणि त्याला म्हणाले, "चल, मला माझ्या बाजूशी बोलायचंय." दोघं स्वयंपाकघरात गेले. आतून ह्यांचा आवाज येत नव्हता, त्याचाच येत होता. ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. खरं तर मी तिच्या बाजूनं आले होते.

परत येऊन हे खुर्चीवर बसले. इंग्रजीत, सावकाश म्हणाले, "आमच्या बाजूला मान्य आहे. आम्ही विचारलं नाही." मग म्हणाले की आजपासून शुक्रवार बंद, आणि पुन्हा सुरू करायचे असतील तर ते ती ठरवेल.

मागून ती माझ्या कानात कुजबुजली, "दंड मागा. कोंबडी." मी मागितली. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि नियम मोडून तिच्याकडं बघून म्हणाला, इथं जिवंत कोंबडी कुठून आणू? तीही हसली. लगेच सगळं गोड झालं असं नाही. ती फ्रिस्कोला गेलीच. पण जाताना परतीचं तिकीट काढून गेली, आणि तो तिला विमानतळावर सोडायला गेला.

त्या दिवशी घरी येताना हे रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले. वायपर चालू होते. मला वाटलं, झालं, ह्यांनी ते सगळं त्या मुलीचंच समजून घेतलं. मग मला कशाचंच काही वाटेना. घरी आल्यावर कोट काढून मी सरळ झोपले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी हे दुकानातून आले आणि त्यांनी ओट्यावर एक अख्खी कोंबडी ठेवली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, गोठलेली.

"हे काय?" मी म्हटलं.

"दंड."

"अहो, तो त्यानं द्यायचाय. तिला."

"त्यानं दिला. हा माझा."

हे कोंबडीकडं बघत होते. मीही कोंबडीकडंच बघत होते. खाली वाकून ते तिचं प्लॅस्टिक उगाच सारखं करत राहिले. मग तिलाच विचारावं तसं म्हणाले, "उन्हाळ्यात मलावीला यायचंय का तुला?"

कितीतरी दिवस पडल्या पडल्या मी या उत्तराची जुळवाजुळव केली होती. माझे गुडघे, माझी झोप, सगळी कारणं ओळीनं लावून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"बरं."

"तुम्हाला जायचं तर जा. मी झोपणार आहे."

"जाईन म्हणतो," हे म्हणाले. "त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याला शोधायचंय. असला अजून तर. या वेळी खुर्च्या चार ठेवू म्हणतो."

मी मान हलवली आणि सवयीनं ओट्याशी गेले. सुरी काढायला खण उघडला. ह्यांनी तो हळूच बंद केला.

"तू बस," म्हणाले.

कोंबडी कशी कापायची ते ह्यांना येत नाही. ती अजून दगडासारखी गोठलेली होती, आणि हे तिच्यावर गरम पाणी ओतायला लागले. तसं करायचं नसतं. मी बसून राहिले.